क्रुसाच्या वर अहो-जाहो नाही

एमरिक व्हेर्नाझ सॉसेजची माळ खांद्यावर टाकून वर येतोय, हे सोलांजने खिडकीतून पाहून सांगितलं आणि हेझलचं डोकं सणकलं. ती बटाटे सोलत होती. पुढच्या बटाट्याची सालं जरा जास्तच जाड निघाली.

"सूप गरम करायला ठेव," सोलांज म्हणाली. "आणि तोंड जरा सरळ कर. तो जेवायला येतोय, तुला खायला नाही."

"त्याला सूप कशाला?"

"कशाला म्हणजे? वाटाड्या आहे तो. वाटाड्या आला की या स्वयंपाकघरात येतो, चुलीपाशी आपल्या टेबलावर बसतो आणि जेवतो. माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून असंच चालत आलंय. तुझ्या रागापायी मी बदलू होय?"

हेझलने पुढचा बटाटा उचलला. बोलायला गेली असती तर फ्रेंच अडखळलं असतं, आणि रागात अडखळणाऱ्या माणसाला कोणी मोजत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तिने बटाट्यांवरच भागवलं.

हिमनदीच्या काठावरचा हा दगडी निवारा म्हणजे गिर्यारोहकांची एका रात्रीची धर्मशाळा. सोलांज त्याची राखणदारीण. साठी ओलांडलेली, रुंद हाडाची, बोलायला फटकळ. हेझल तिच्या हाताखाली अंथरुणं घालायची, भांडी घासायची, सूप ढवळायची. हा तिचा तिसरा उन्हाळा. इंग्लंडात, लँकशरमध्ये, तिचा नवरा होता आणि शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी होती. नवरा दुसरीकडे गेला तेव्हा तिने नोकरीलाही रामराम ठोकला आणि या डोंगरात आली.

आणि हा एमरिक म्हणजे खालच्या खोऱ्याचा लाडका. बाप वाटाड्या, आजा वाटाड्या, हा तर दिसायलाही देखणा. याच लाडक्याने ऑगस्टच्या सुरुवातीला एका बाईला हिमनदीवर एकटीला बसवून ठेवलं आणि स्वतः शिखरावर निघून गेला. बाईच्या दोन्ही हातांची काही बोटं गेली. आणि आता साहेब सॉसेज घेऊन येत होते.

हेझलला सगळ्यात जास्त चीड याची येत होती की या डोंगरात तिला पहिला आपलेपणा दिला तो याच माणसाने.

इंग्रजीत राजाला, सासूला, चोराला आणि मांजराला उद्देशून बोलायला एकच शब्द. चाळीस वर्षं त्या एका शब्दावर निभावलेल्या बाईच्या हातात फ्रेंचांनी दोन शब्द ठेवले, आणि कुठला कुणाला द्यायचा हे मात्र कोणी सांगेना. पाद्र्याला तिने 'तू' म्हटलं. सोलांजच्या कुत्र्याला 'तुम्ही जरा बाजूला व्हा' म्हणाली. खालच्या गावातली पाववाली मादाम ग्रिव्हेल, हिला तर तिने सकाळी सकाळी चारचौघांत 'तू कशी आहेस?' विचारलं. त्या बाईने पाव पिशवीत न घालता तसाच पुढे सरकवला, आणि तेव्हापासून हेझलला असं गारेगार 'तुम्ही' ऐकवू लागली की पावही शिळा लागावा. सगळं खोरं तिला 'तुम्ही' म्हणायचं. त्यात मान नव्हता. तुमची जागा उंबऱ्याबाहेर, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या उन्हाळ्यात ती रडकुंडीला येऊन पाठीवर पिठाची गोणी घेऊन वर चढत होती, तेव्हा एमरिक तिच्यासोबत होता. गुरांची कुरणं जिथे संपतात तिथे वाटेच्या कडेला एक लोखंडी क्रूस उभा आहे. तिथे तो थांबला.

"मस्यू, तुम्ही..." हेझलने सुरुवात केली.

"थांब थांब. हा क्रूस दिसतो? याच्या खाली मी मस्यू व्हेर्नाझ. याच्या वर नुसता एमरिक. क्रुसाच्या वर अहो-जाहो नाही. मंत्री आला तरी आम्ही त्याला 'तू'च म्हणतो."

"का?"

"कारण तुझा पाय घसरला तर 'मादाम, आपण कृपया दोर धरता का' असं म्हणत बसायला मला वेळ नसतो. तोवर तू गेलेली असशील. म्हण बघू, एमरिक, तू."

"एमरिक, तू..." आणि पुढे काही सुचेना म्हणून ती म्हणाली, "तू ही गोणी घे."

तो खो खो हसला आणि त्याने गोणी खरंच घेतली. तेव्हापासून क्रूस ओलांडला की हेझलची जीभ मोकळी व्हायची. न्यायाधीश असो, मोठा सर्जन असो, वर आला की 'काय रे, सूप घेतोस का?' उतरताना मात्र क्रुसापाशी ती पुन्हा मुकी व्हायची. तिला खोऱ्यातही 'तू' हवं होतं. कुणी दारातून 'ये गं, बस' म्हणावं, एवढीच तिची भूक होती, आणि ती तिने कधी कुणाला सांगितली नाही.

मग ऑगस्टात ती ब्लांदिन आली.

सेंट-एतियेन शहरात जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेली, बुटकी, गोल चेहऱ्याची, लाल जाकिटातली बाई. एमरिकच्या दोरावर ती आणि लिऑन शहरातले दोघे मेव्हणे-मेव्हणे, असे तिघे. मेव्हणे सारखे घड्याळ बघत होते. ब्लांदिन मात्र संध्याकाळी पाहुण्यांच्या दालनातून उठून स्वयंपाकघरात आली आणि न विचारता फडकं घेऊन ताटल्या पुसू लागली.

"तुम्ही राहू द्या, मी करते," ती म्हणाली.

"इथे 'तुम्ही' नाही म्हणायचं," हेझलने तिला शिकवलं, आणि आपण फ्रेंच बाईला फ्रेंच शिकवतोय याची तिला भलतीच मजा वाटली. "क्रुसाच्या वर सगळे 'तू'."

"सांगितलं मला एमरिकने. पण माझ्या तोंडात बसत नाही हो. ट्राममध्ये एखाद्या टग्याला 'तू' म्हटलं की तो अंगावर येतो. 'तुम्ही' म्हटलं की मध्ये काच असते. इतकी वर्षं काचेमागे बसले, आता एका संध्याकाळीत कशी बाहेर येऊ?"

"मग कधी येणार?"

"उद्या," ब्लांदिन हसली. "उद्या शिखरावरून उतरले की या दारात उभी राहीन आणि ओरडेन, हेझल, तू मला सूप दे! मग तर झालं?"

"दोन वाट्या देईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेझल ओट्यावर घोंगड्या वाळत घालत होती. सहज तिने दुर्बीण डोळ्याला लावली. वरच्या हिमनदीवर, काळ्या खडकाशी, एक लाल ठिपका बसलेला होता. त्याच्या बराच वर तीन ठिपके शिखराकडे चालले होते. तिने दुर्बीण पुसून पुन्हा पाहिलं. तीन वर, एक खाली. दोर तिघांमध्ये होता.

"सोलांज! त्याने तिला एकटीला ठेवलंय!"

सोलांज आली, तिने पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग दुर्बीण परत दिली. "येईल तो परत. हळू चालत असेल बाई."

"बर्फावर एकटीला?"

"वाटाड्याच्या कामात आपण नाक खुपसायचं नाही."

दुपारी इटलीच्या बाजूने ढग चढला आणि खडक दिसेनासा झाला. हेझलने तीनदा वायरलेसकडे हात नेला आणि तीनदा सोलांज म्हणाली, थांब. एमरिक त्या वाटेने परत आलाच नाही. ढग पाहून त्याने मेव्हण्यांना शिखराच्या पलीकडच्या धारेने दुसऱ्या खोऱ्यात उतरवलं. ती वाट जवळची होती. ब्लांदिन सकाळच्या पावलांचा माग काढत आपली आपण निवाऱ्यात पोचेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. ते ब्लांदिनला सांगायला कोणी नव्हतं.

शेवटी हेझलनेच वायरलेस उचलला आणि व्याकरणाची ऐशीतैशी करून सुटकेच्या माणसांना बोलावलं. ढगात हेलिकॉप्टर उडेना. माणसं चालत गेली. दिवस मावळायच्या सुमारास त्यांना ती सापडली, जिथे बसवली होती तिथेच. एक हातमोजा वाऱ्याने नेला होता आणि दुसरा ओला होऊन लाकडासारखा कडक झाला होता. ती का हलली नाही? कारण वाटाड्याने सांगितलं होतं, इथून हलू नकोस.

सोलांजने सुट्टी दिली तेव्हा हेझल खाली उतरून इस्पितळात गेली. ब्लांदिनचे हात पांढऱ्या बोचक्यांत गुंडाळून उशांवर ठेवले होते. उरलेली बोटं वाचतात का, हे डॉक्टर अजून पाहत होते.

"तुम्ही आलात," ब्लांदिन म्हणाली. "बरं वाटलं हो."

"आता तरी मला 'तू' म्हण."

"शिखर कुठे झालं माझं?" ती जरा हसली. मग तिचा चेहरा उतरला. "एक विचारू? लोक म्हणतात, मी उठून चालू लागले आणि वाट चुकले. म्हणून असं झालं."

"कोण लोक?"

"एमरिकची आई आली होती. फुलं घेऊन. फार गोड बोलली. म्हणाली, थंडीत माणसाला भ्रम होतो, तुम्हाला आठवत नसेल." ब्लांदिनने हेझलकडे पाहिलं. "मी हलले नाही हो. इतकी वर्षं ट्राम चालवली, लाल दिवा पडला की थांबायचं म्हणजे थांबायचं. पण सगळेच तसं म्हणायला लागले की आपलंच आपल्याला खरं वाटेनासं होतं. तुम्ही पाहिलंत ना मला?"

"पाहिलं. तू बसलेली होतीस. ढग येईपर्यंत तू बसलेली होतीस."

"मग बरं," ब्लांदिन म्हणाली आणि तिने डोळे मिटले. "मग मला वेड लागलेलं नाही."

नळी लावलेला पेला हेझलने तिच्या ओठाला लावला, कारण तिला तो धरता येत नव्हता. बाहेर पडताना हेझल जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरली. बोटं घेतलीत ती घेतलीत, आता त्या बाईकडून तिचं थांबणंही काढून घ्यायला निघालात? फुलं देऊन?

वर जाण्याआधी पाव घ्यायचा होता. मादाम ग्रिव्हेलच्या दुकानात ती शिरली तेव्हा तीन बायका बोलता बोलता गप्प झाल्या. मग मादाम ग्रिव्हेल काउंटरमागून बाहेर आली. हात पुसत आली, हसत आली, आणि तिने हेझलच्या दोन्ही गालांना गाल लावले.

"ये गं हेझल! किती दमलीस. बस ना जरा. कॉफी टाकते तुझ्यासाठी."

'तू.' तीन उन्हाळे जिच्या तोंडून ऐकायला हेझल झुरली होती त्या बाईच्या तोंडून 'तू'. क्षणभर, अगदी खरं सांगायचं तर, हेझलचे डोळे भरून आले. ती खुर्चीवर बसलीसुद्धा.

"तू आता आमच्यातलीच," मादाम ग्रिव्हेल कॉफी ढवळत म्हणाली. "एमरिकची आई रडून रडून अर्धी झालीय गं. पोराचा काय दोष? डोंगर आहे तो. तू म्हणे दुर्बिणीतून पाहत होतीस? इतक्या लांबून काय कप्पाळ दिसणार. कोण बसलंय, कोण चाललंय, कुणाला कळतं? हो की नाही?"

बाकीच्या दोघी माना डोलावत होत्या. हेझलने कॉफीकडे पाहिलं. तिला आत्ता कळलं की दार उघडलंय ते तिच्यासाठी नाही, तिच्या तोंडाला कुलूप घालण्यासाठी. तिला ओरडायचं होतं. जे सुचलं ते सगळं इंग्रजीत सुचलं, आणि इंग्रजीत शिव्या फुकट जातात इथे. ती उठली, कॉफी तशीच ठेवली, पावही तसाच ठेवला, आणि दार आपटून निघाली. त्या दिवशी निवाऱ्यात सगळ्यांनी शिळा पाव खाल्ला आणि सोलांजने तिला त्यावरूनही फैलावर घेतलं.

आणि उद्या डोंगरातले पोलीस चौकशीला वर येणार, तर हा आज सॉसेज घेऊन आला.

बाहेरच्या दालनात नुकतीच एक पाहुणी येऊन पोचली होती. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा, बाकावर बसून धापा टाकत बूट काढत होती. हेझलने तिला पाणी दिलं आणि परत स्वयंपाकघरात आली, तोच मागचं दार उघडलं.

"आहे का कोणी घरात?" एमरिक आत आला. त्याने सॉसेजची माळ खिळ्याला अडकवली, सोलांजच्या गालाला गाल लावून मुका घेतला आणि हेझलकडे वळला. हेझल चुलीकडे वळली. "काय गं, रुसलीस? बरं, बरं. आईने केलेत, तुझ्यासाठी खास. मिरी जास्त घातलीय, तुला आवडते तशी."

तो चुलीपाशी वाटाड्यांच्या टेबलावर बसला. खिशातून चाकू काढून त्याने पात्याने टेबलावर उगाच टकटक केलं. नाकाची साल निघालेली, डोळे आत गेलेले. चांगला दिसत नव्हता तो. हेझलला त्याचंही वाईट वाटलं, आणि वाटलं म्हणून स्वतःचा राग आला.

"उद्या येतायत ते," तो म्हणाला. "साधी चौकशी आहे. तुलाही विचारतील."

"हो."

"तू काय सांगणार आहेस?"

"पाहिलं ते."

"पाहिलंस काय पण तू? ढग होता."

"ढग नंतर आला, एमरिक. तुला माहीत आहे."

"तेच तर म्हणतोय मी! ढग येत होता, आणि त्या ढगात तुला लाल काहीतरी हलताना दिसलं. खालच्या बाजूला. एवढंच सांग. यात खोटं काय आहे? हलली असेलही. तू काय सतत डोळा लावून बसली होतीस? घोंगड्या कोण वाळत घालत होतं?"

"ती हलली नाही."

"हेझल." त्याने चाकू खाली ठेवला. "माझं वाटाड्याचं कार्ड काढून घेतील. मला दुसरं काही येत नाही गं. बापाने हेच शिकवलं. मला झोप येत नाही. डोळे मिटले की तो खडक दिसतो. तुला वाटतं मला काहीच वाटत नाही?"

हे खरं होतं. त्याच्या आवाजावरून कळत होतं. आणि हेझल, जिने दहा वेळा मनात त्याला कड्यावरून ढकललं होतं, जरा नरमली.

"तू भेटायला गेलास तिला?" तिने विचारलं.

"आई गेली होती ना."

"तू गेलास का?"

"मी जाऊन काय करणार? वकील म्हणाला, नको जाऊस." त्याने हात झटकले. "आणि हे बघ, झालं ते वाईटच झालं. मी नाही म्हणतच नाही. पण माझं अख्खं आयुष्य पुढे आहे. ती निवृत्त बाई. तिला आता कुठे ट्राम चालवायचीय?"

चुलीवर सूप उकळत होतं. सोलांज पाठमोरी उभी होती, तिचा हात पळीवर थांबला.

 हेझलला शब्द हवे होते, जाडजूड, धारदार, मादाम ग्रिव्हेलच्या तोंडी असतात तसे. एकही येईना. तीन उन्हाळ्यांत शिकलेलं सगळं फ्रेंच ऐन वेळी पळून गेलं. आणि मग तिला जाणवलं की एक शब्द आहे. तो तिच्याजवळ पहिल्या दिवसापासून आहे, आणि या घरात तो आजवर कुणी कुणाला दिलेला नाही.

तिने एप्रनला हात पुसले. त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही सूप घेणार का, मस्यू व्हेर्नाझ?"

एमरिक हसला. अगदी मनापासून हसला, पहिल्या दिवशी गोणी घेताना हसला होता तसाच. "ऐकलंस का सोलांज? तीन वर्षं झाली शिकवतोय, आणि अजून बाईंचं आपलं तेच! अगं वेडे, क्रुसाच्या वर काय म्हणायचं?"

"मला माहीत आहे," हेझल म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

हसू त्याच्या तोंडावर जरा वेळ राहिलं, कारण ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना. मग गेलं.

"हे काय लावलंयस?"

"तुम्ही तिला सांगितलंत, हलू नकोस. ती हलली नाही. तुम्ही परत आला नाहीत. उद्या मी एवढंच सांगणार आहे. तेवढ्याला माझं फ्रेंच पुरतं."

"हेझल, असं नको बोलूस गं. शिव्या दे, थोबाडीत मार, पण हे..."

"तुम्हाला पाव देऊ?"

तो ताडकन उठला. बाक मागे पडला. "परकी ती परकीच! इथे आलीस तेव्हा धड पाणी मागता येत नव्हतं तुला. तुझी गोणी मी उचलली. तुला भाषा मी दिली, माणसांत मी बसवलं, आणि तू माझ्यावर उलटतेस?"

"उचललीत. दिलीत. उपकार आहेत तुमचे." तिने हात एप्रनच्या खिशात कोंबले. "तिला कोण उचलणार होतं?"

"सोलांज!" तो ओरडला. "तू सांग हिला. तुझी नोकर आहे ही."

सोलांज वळली. आणि तिची तोफ हेझलवरच सुटली.

"तुझं काय जातंय गं? सप्टेंबरात निवारा बंद झाला की तू खाली उतरशील, कंटाळा आला की आपल्या देशात जाशील. मला या खोऱ्यातच मरायचंय. याची आई माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभी होती. माझ्या नवऱ्याचं प्रेत याच्या बापाने खांद्यावरून खाली आणलं. आणि तू एका शब्दाने सगळं मोडून ठेवतेस?"

हेझलला वाटलं, संपलं. बोचकं बांधायचं.

"सांग तिला," एमरिक म्हणाला.

"तू गप्प बस!" सोलांज त्याच्यावर खेकसली, आणि मग तिचा आवाज एकदम बसला. "ती दुर्बीण मीही डोळ्याला लावली होती. मलाही तिघं वर आणि एक खाली दिसलं होतं. ही म्हणत होती, कळवू या. मी म्हणाले, येईल तो परत. मी म्हणाले, वाटाड्या आहे तो. व्हेर्नाझांचा पोरगा आहे तो, तो सोडून नाही जाणार."

 सोलांजने कप्प्यातून वाटी काढली, सूप वाढलं, वर किसलेलं चीज घातलं, सगळं नेहमीसारखं. एमरिकने पडलेला बाक उचलला, त्यावर बसला आणि वाटीसाठी हात पुढे केला. सोलांज त्याच्या हाताजवळून पुढे गेली. तिने कोपराने दालनाचं दार ढकललं आणि वाटी बाहेर पाहुण्यांच्या लांब टेबलावर ठेवून आली.

"मस्यू व्हेर्नाझ," ती म्हणाली, "तुमचं सूप बाहेर वाढलंय. हे टेबल वाटाड्यांचं आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. साठी ओलांडलेली बाई, जिने त्याला लहानपणी मांडीवर घेतलं होतं. तिने नजर खाली केली नाही.

हेझलला वाटलं, आता हा तडक खाली उतरेल. पण बाहेर उजेड कमी होत आला होता, आणि निवाऱ्यातून हाकलला गेलो अशी खोऱ्यात बोलवा होऊ द्यायला तो व्हेर्नाझ कसला? त्याने चाकू मिटून खिशात टाकला, आणि बाहेर जाऊन त्या वाटीसमोर बसला.

सूप वाढायची छोटी खिडकी उघडीच होती. हेझल तिच्यातून पाहत होती. तिचा राग उतरला नव्हता. उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. ब्लांदिनची बोटं यातल्या कशानेही परत येणार नव्हती.

पांढऱ्या केसांची पाहुणी झोपायच्या खोलीत पिशवी ठेवून आता मोज्यांवर चालत टेबलापाशी आली. एमरिकच्या समोर बसली. त्याच्या जाकिटावरचा वाटाड्यांचा बिल्ला तिने पाहिला आणि तिचा चेहरा उजळला.

"तू वाटाड्या का रे? खाली क्रुसापाशी मला एका पोराने सांगितलं, इथे सगळ्यांना 'तू' म्हणायचं. किती छान पद्धत आहे! बरं झालं भेटलास. मला उद्या वर जायचंय. फक्त एक आहे हं, मी हळू चालते. गुडघा असा आहे ना. घेशील ना सांभाळून?"

एमरिकने चमचा उचलला होता. तो तसाच राहिला.

"बोल की रे," ती बाई हसून म्हणाली. "नेशील ना?"

त्याने वर पाहिलं. तिच्याकडे नाही, खिडकीकडे. हेझलकडे. त्या निवाऱ्यात त्या संध्याकाळी त्याला 'तू' म्हणणारं एकच माणूस होतं, आणि त्या बाईला तो कोण हे माहीत नव्हतं.

हेझल दार उघडून बाहेर आली. तिने त्या बाईची काठी उचलली, बाकाखालचे ओले बूट दुसऱ्या हातात घेतले.

"तू आत ये गं," ती म्हणाली. "इथे गारठा आहे. चुलीपाशी बस, तुझे बूटही वाळतील. उद्याचं आपण दुसऱ्या कुणाला तरी विचारू."

"पण आतलं टेबल तर वाटाड्यांचं आहे ना? त्या पोराने तेही सांगितलं."

"आज रिकामं आहे," हेझल म्हणाली.

ती बाई लंगडत आत गेली. सोलांजने तिच्यासाठी बाक चुलीजवळ ओढला आणि दुसरी वाटी भरायला घेतली.